कागदाचं वजन

भुसावळात, एका शाळेच्या गच्चीवर
उतरत्या छपराची लोखंडी पेटी आहे.
आत मोटर. ती रात्रंदिवस हवा ओढते,
जुन्या दमेकऱ्यासारखी, आवाज करत.
आठ-आठ तासांनी मी जिना चढतो,
चिमट्यानं जुना कागद काढतो, नवा घालतो.
नवा काचेच्या तंतूंचा, कवडीदह्यासारखा.
जुना चुलीमागच्या भिंतीच्या रंगाचा.

हे काम मला वायकोळ्यांनी शिकवलं,
निवृत्तीला चार महिने उरले असताना.
"बोट लावू नको भाऊ. बोटाचंबी वजन ऱ्हातं."

मग कागद चोवीस तास बरणीत, निळ्या खड्यांवर.
खडे ओल पितात आणि गुलाबी होतात.
(या गावात लाजणारं तेवढंच उरलंय.)
मग तराजू, दशांशापुढे चार घरं.
नंतरच्यातून आधीचं वजा.
उरते ती हवा,
म्हणजे हवेतलं जे हवा नव्हे, ते:
वीजकेंद्राची राख, ट्रकचं काजळ,
गव्हाचं जाळलेलं काड, रस्त्याची धूळ,
आणि थोडंसं कोणाचं तरी सरपण.

चौथीतल्या अलफियाला परीक्षेत प्रश्न होता,
चिमणीचं चित्र काढा.
तिनं काढली उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची,
वरून धूर.
बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं
आणि पूर्ण गुण दिले.

पण जे कागदावर अडकत नाही
त्याचं काय, हे मी वायकोळ्यांना विचारलं नाही.
कर्बवायू, उदाहरणार्थ. रंग नाही, वास नाही,
कागदातून तो सरळ निघून जातो
आणि वर जाऊन गोधडीला आणखी एक थर लावतो.
सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत
अख्खा खानदेश त्या गोधडीखाली,
आणि कोणालाच ती पायानं लोटता येत नाही.

गेल्या मे महिन्यात, सगळ्यात तापल्या दिवशी
मोटरच जळाली.
रजिस्टरात त्या तारखेपुढे मी लिहिलं: निरंक.
कधीतरी कोणी तो तक्ता वाचेल
आणि म्हणेल, वा, केवढी स्वच्छ हवा होती.

मोटर भरायला खुमसिंग आला, पालकडचा पावरा.
तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता सांगत होता,
मोह यंदा आधीच गळून गेला,
बायका टोपल्या घेऊन पोचल्या तर
झाडाखाली नुसतं वाळलेलं.
आणि रानपिंगळा घराच्या वरच्या अंगाला बोलायचा,
तो बोलत नाही.
कधीपासून?
त्यानं तार तोंडात धरली, विचार केला.
"बोलणं थांबलं ते कळत नाही ना साहेब.
एक दिवस कळतं, की लई दिवस झाले."

माझ्या तराजूला चार घरं आहेत.
न बोललेल्या पिंगळ्यासाठी पाचवं घर नाही.

गच्चीवरून तापीकडे पाहिलं की केळीच केळी,
रावेरच्या बाजूला नजर संपेपर्यंत.
सगळी एकाच बाटलीत वाढलेली, एका आईची,
लाखो सख्ख्या बहिणी.
हिरवं केवढं, असं पाहुणे म्हणतात.
मी म्हणतो, हो.
एकीला शिंक आली तर काय, हे
पाहुण्यांपुढे बोलायचं नसतं.

वायकोळे रविवारी फोन करतात.
"आज किती भरलं?"
मी आकडा सांगतो. ते हुं म्हणतात.
त्यांच्या आईच्या घरी बी राखेत ठेवायचे,
वांग्याचं, गिलक्याचं, डांगराचं,
मडक्यात, गोवऱ्यांच्या राखेत,
कीड लागत नसे.
हे ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी नव्यानं.
मग थोडं थांबून,
"अन् गावरान गिलक्याचं बी, सापडलं का रे कोनाकडे?"

बरणीत निळे खडे गुलाबी व्हायला लागलेत.
मी म्हणतो, बी नाही.
राख आहे.